समोरच्या सोफ्यावर

सत्यनारायणाच्या पोथीतल्या साधुवाण्याबद्दल मला लहानपणापासून जरा सहानुभूती वाटत आलेली आहे. बिचारा जावयाला बरोबर घेऊन, भरल्या नावेनं घरी निघालेला असतो. काठावर एक दंडधारी संन्यासी विचारतो, नावेत काय आहे? आता वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसापुढे कुठला शहाणा व्यापारी मालाची यादी वाचून दाखवील? हाही हसून म्हणतो, काही नाही महाराज, पानं आणि वेली. तुझं बोलणं खरं होवो, असं म्हणून संन्यासी बाजूला होतो. नाव हलकी होऊन पाण्यावर वर येते, आणि आत बघावं तर खरोखरच पालापाचोळा. ही कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगतात. ती रेवा, म्हणजे नर्मदा, आमच्या बडोद्याहून फार लांब नाही, चांदोदला गेलं की भेटते. त्यामुळे गुरुजींचा तो अध्याय चालू असताना मला ती नाव चांदोदच्या घाटाला टेकलेली स्पष्ट दिसायची, आणि शिऱ्याच्या वासातही साधुवाण्याच्या पोटात पडलेला खड्डा जाणवायचा. प्रश्न एकच, उत्तर एकाच वाक्याचं, आणि ते खोटं निघताच आयुष्याची कमाई गेली.

२००९ च्या जुलैत स्टार प्लसवर रात्री साडेदहाला ‘सच का सामना’ सुरू झाला, तेव्हा त्याचे नियम ऐकून मला आधी हा साधुवाणीच आठवला. एकूण एकवीस प्रश्न. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, तिसरं काही चालणार नाही. एकविसाव्या खऱ्या उत्तराला एक कोटी रुपये, आणि मधेच एखादं उत्तर खोटं ठरलं की तोवर मिळवलेल्या सगळ्याचा पालापाचोळा. गंमत म्हणजे परीक्षा स्टेजवर होतच नसे. स्पर्धकाला आधीच एका खोलीत नेऊन, वायरी लावून, पुष्कळ प्रश्न विचारलेले असत. कुठलं उत्तर यंत्राला पटलं आणि कुठलं नाही, हे कार्यक्रमवाल्यांना ठाऊक असे, त्याला नसे. म्हणजे निकाल आधी आणि पेपर नंतर. सूत्रसंचालक राजीव खंडेलवाल प्रश्न विचारायचा तो इतक्या हळुवार आवाजात, की अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांशी बोलणारे डॉक्टर आठवावेत. आणि स्पर्धकाच्या समोर, थोडं बाजूला, एका सोफ्यावर त्याची माणसं बसलेली असत. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचा कॉलेजपासूनचा मित्र. त्या सोफ्याकडे माझं तेव्हा पुरेसं लक्ष नव्हतं. सगळ्यांप्रमाणे मीही खुर्चीतल्या माणसाकडेच बघत होतो.

दांडिया बाजारातल्या आत्याच्या वाड्यात हा कार्यक्रम फार गांभीर्यानं बघितला जाई. गांभीर्य म्हणजे निषेधाचं गांभीर्य. ‘काय ग बाई, लाज म्हणून काही राहिलीच नाही लोकांना,’ हे वाक्य आत्या पहिल्या प्रश्नाच्या आधीच उच्चारून मोकळी होई, म्हणजे नंतर बघायला अडचण नको. आतोबा ‘बंद करा ते, घरात मुलंबाळं आहेत’ असं म्हणून आतल्या खोलीत निघून जात. घरातली सगळ्यात लहान मुलगी तेव्हा एम.एस. युनिव्हर्सिटीत एम.ए. करत होती. सकाळी चहाच्या वेळी मात्र ते पेपर खाली न करता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारत, ‘मग? काल त्या बाईचं काय झालं शेवटी?’ नवऱ्यापासून पैसे लपवले आहेत का, असा काहीसा प्रश्न एकदा पडद्यावर आला, तेव्हा वाड्याच्या त्या माजघरात जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. आत्याला एकदम पंख्यावरची धूळ दिसली. थोरल्या सुनेला मोबाइलवर मेसेज आला, जो वाजला नव्हता. आतल्या खोलीतून आतोबांचा खोकला ऐकू आला, त्यावरून ते झोपलेले नाहीत एवढं सगळ्यांना कळलं. पुढच्या जाहिरातीत कुणीतरी लीलो चिवडा आणायला उठलं आणि घर पुन्हा नेहमीसारखं श्वास घेऊ लागलं.

या कार्यक्रमाची ओढ लोकांच्या चोंबडेपणात आहे, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. बडोद्यात दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसण्याला पंचात म्हणतात, आणि ओट्यावर बसून ती करणं हा इथला फार जुना, बिनखर्चाचा करमणुकीचा प्रकार आहे. पण पंचातीला टीव्ही लागत नाही. त्या माजघरात मला जे दिसलं ते वेगळं होतं. तिथं प्रत्येक जण आपापल्या मनात तो प्रश्न स्वतःला विचारून घेत होता, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू उत्तरही देत होता. समोरचा माणूस एक कोटीसाठी घामाघूम होत असताना आपण फुकटात, अंधारात, चिवडा खात एकवीस कबुल्या देऊन मोकळे होत होतो. एवढी स्वस्त यात्रा कुठं मिळते?

ज्या यंत्रावर हा सगळा डोलारा उभा होता त्याचीही कथा मोठी मौजेची आहे. पॉलिग्राफ खोटं ओळखत नाही. तो श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतो. घाबरलेला खरा माणूस आणि निर्ढावलेला खोटा माणूस यांच्यात त्याची फसगत होऊ शकते, हे विज्ञानवाले कधीपासून सांगत आले आहेत. मे महिन्यात भर दुपारी मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालत गेलेल्या कुठल्याही बडोदेकराला वायरी लावून बघाव्यात, तो अट्टल गुन्हेगार ठरेल. रक्तदाबावरून खोटं पकडता येतं, हा विचार पुढे रेटणाऱ्यांत विल्यम मार्स्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्याच मार्स्टननी १९४१ मध्ये ‘वंडर वुमन’ निर्माण केली. तिच्या हातात एक सोनेरी दोर असतो, आणि त्यात जो अडकेल त्याला खरं बोलावंच लागतं. म्हणजे यंत्रानं जे साधलं नाही ते गृहस्थांनी चित्रकथेत साधून घेतलं. आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय त्याची पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. ज्या तपासण्यांसाठी गांधीनगरची न्यायवैद्यक प्रयोगशाळा देशभर माहीत होती, त्याच या. खुनाच्या संशयितालाही ‘मी नाही बसणार त्या खुर्चीत’ असं म्हणता येतं. आमचा स्पर्धक मात्र कागदावर सही करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हसत हसत जाऊन बसला होता.

कबुलीजबाबांचा मोठा खेळ बघण्याची बडोद्याला ही पहिली वेळ नव्हती म्हणा. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर फिरून आले, रोजच्यासारखं पपनसाचं सरबत तोंडाला लावलं, चव बरी वाटेना म्हणून उरलेलं ओतून दिलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासात त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. हिऱ्याची पूड! विषप्रयोगातसुद्धा बडोद्यानं काटकसर केली नाही. आळ आला महाराज मल्हारराव गायकवाडांवर. पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला. सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांना धरून तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद, हिंदींत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावाला विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आलेले. आणि साक्षीला कोण? रेसिडेन्सीतले नोकर, आणि महाराजांचे स्वतःचे खाजगी कारभारी दामोदरपंत. खरं सांगाल तर माफी, अशा बोलीवर यांच्या जबान्या झालेल्या. बॅलंटाइननं नेमकं तिथंच बोट ठेवलं. ज्या सत्याच्या बदल्यात माणसाची मान सुटते, त्या सत्याचं वजन किती धरायचं? आयोग सरळ दुभंगला. तिन्ही इंग्रजांना आरोप खरा वाटला, तिन्ही हिंदी सभासदांना पटला नाही. सरकारनं इतर कारणं पुढे करून मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये गादीवरून काढलंच, आणि मद्रासला पाठवलं.

मला त्या खटल्यात सारखं दिसत राहतं ते दामोदरपंत नव्हे, त्याची जबानी ऐकत बसलेले मल्हारराव. फार चांगला राजा होता असं त्यांचे कैवारीही म्हणत नाहीत. पण ज्याच्या हाती आपण खाजगीतल्या चाव्या दिल्या, तो माणूस चारचौघांत आपलं घर उघडून दाखवतोय, आणि आपण गालावरची माशीसुद्धा न हलवता ऐकून घ्यायचं, ही वेळ कुणावरही येऊ नये. (त्यानंतर थोड्याच दिवसांत कवळाण्याहून तीन मुलं बडोद्याला आणली गेली. इथं कशाला आलास, असं विचारल्यावर त्यातला गोपाळ म्हणाला, राज्य करायला. अशी आख्यायिका आहे. ते पुढचे सयाजीराव महाराज. एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तराला यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्याच वाहिनीनं दिलेलं नाही.)

‘सच का सामना’ची मूळ कल्पना अमेरिकन निर्मात्याची, पण कार्यक्रम प्रथम झाला २००७ मध्ये कोलंबियात. तिथल्या एका बाईंनी, आपण नवऱ्याला मारायला मारेकरी ठरवला होता, असं कबूल केलं. नवरा वाचला होता, पण कार्यक्रम वाचला नाही. आपल्याकडे इतकं काही झालं नाही. आपल्याकडे राज्यसभेत गदारोळ झाला, भारतीय संस्कृती धोक्यात आली, मंत्रालयानं वाहिनीला नोटीस पाठवली आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेल्या. मुख्य न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शहा, आमचे सोलापूरचे. त्याच जुलैच्या सुरुवातीला समलिंगी संबंधांबद्दलचा तो ऐतिहासिक निकाल त्यांच्या खंडपीठानं दिला होता. या याचिकांवर खंडपीठानं साधारण असं सांगितलं, की गांधींच्या या देशात गांधींचं कुणी ऐकत नाही, वाईट बघू नका म्हणाले होते ना, मग टीव्ही बंद करा. याचिका फेटाळल्या. आत्याला हा निकाल मुळीच आवडला नाही. ‘बंद करायचं ते आपल्याला कळत नाही का? त्यासाठी कोर्ट कशाला?’ असं म्हणून तिनं त्या रात्रीही वेळेवर टीव्ही लावला.

गांधींचं नाव आलं तेव्हा मला तीन माकडं आठवली नाहीत, राजकोटच्या घरातली एक फळी आठवली. पंधराएक वर्षांच्या मोहननं भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरलेला, कर्ज फेडायला. ते मनाला लागून राहिलेलं. तोंडानं सांगायचा धीर होईना म्हणून त्यानं चिठ्ठी लिहिली आणि फळीवर आजारी पडलेल्या वडिलांच्या हातात दिली. वडील उठून बसले, वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी भिजली, आणि मग त्यांनी ती फाडून टाकली. पुढे हाच मुलगा मोठेपणी आपल्या सगळ्या कबुल्या ‘नवजीवन’मध्ये दर आठवड्याला छापत गेला, १९२५ ते १९२९. म्हणजे हप्त्याहप्त्यानं येणारी कबुली गुजराती घरांना काही नवी नाही. फरक मला एवढाच वाटतो, की राजकोटच्या त्या खोलीत चिठ्ठी फाडायचा अधिकार असलेला माणूस हजर होता. स्टुडिओत तो कोण? खंडेलवालला माफ करता येत नव्हतं. यंत्राला येत नव्हतं. आपण प्रेक्षक, आपला तर संबंधच काय. सोफ्यावरच्या माणसाला कदाचित आलं असतं, पण त्याच्या तोंडावर कॅमेरा लावलेला. कॅमेऱ्यासमोर केलेली क्षमा क्षमा असते की शिष्टाचार, हे ओळखणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

त्या कार्यक्रमात मराठी माणसाला सगळ्यात जास्त बोचला तो विनोद कांबळीचा भाग. १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभंग भागी केली, त्यात याच्या ३४९ आणि सचिनच्या ३२६. पुढे १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोट्यांत यानं दोन द्विशतकं ठोकली. आणि मग काय झालं ते आपल्या प्रत्येकाच्या घरात, प्रत्येकाच्या मतानुसार, वेगवेगळं सांगितलं जातं. अशा माणसाला खुर्चीत बसवून विचारलं, की सचिनला तुझ्यासाठी आणखी काही करता आलं असतं असं तुला वाटतं का? तो हो म्हणाला. यंत्रानं खरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

आता हा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’नं सुटणारा आहे का? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक आख्खी संध्याकाळ, दोन-तीन वेळा चहा, मधे बराच वेळ गप्प बसणं, एवढं सगळं लागेल त्याला. कुठल्या जुन्या मित्राला कुठल्या जुन्या मित्राबद्दल असं वाटत नाही? माझ्याबद्दल कुणाला तरी वाटत असणार, तुमच्याबद्दलही. ते वाटणं खोटं नसतं, पण तेवढंच खरंही नसतं. शिवाय त्या उत्तरात निम्मा वाटा दुसऱ्याचा होता. तो सोफ्यावर नव्हता, आणि सही त्यानं कुठंच केलेली नव्हती. २०२४ च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर दोघांचे प्रशिक्षक आचरेकर सर यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तेव्हा बसल्या जागेवरून विनोदनं सचिनचा हात धरला आणि तो सोडेना. ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. नाडी, घाम, श्वास, सगळंच त्या हातात असणार. मोजायला कुणी नव्हतं, हे फार बरं झालं.

भाद्रपदात बडोद्यात एक मजेशीर योग येतो. आमचे गणपती बसतात त्याच सुमाराला जैन शेजाऱ्यांची संवत्सरी असते. आम्ही ताटलीत मोदक झाकून त्यांच्याकडे नेतो आणि ते दारातच हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. आता हे आपल्याला कधी आणि कशानं दुखावून गेले, हे विचारायची ओठांवर आलेली इच्छा गिळावी लागते. यादी मागायची नसते. पाण्याच्या मोटरवरून झालेलं भांडण त्यात धरलंय का, की ते पुढच्या वर्षीच्या खात्यावर, असं विचारून चालत नाही. आत्या आणि शेजारच्या बेन यांची अशी कित्येक संवत्सऱ्या बिनयादीची देवाणघेवाण झाली. दोघी एकमेकींबद्दल माझ्याशी काय काय बोलल्या आहेत ते मला ठाऊक आहे, आणि ते कुठलंही यंत्र माझ्याकडून काढू शकणार नाही. हल्ली ही क्षमा व्हॉट्सॲपवर एकगठ्ठा येते, ज्यांनी मला दुखावण्याइतकी कधी ओळखच ठेवली नाही त्यांच्याकडूनही. मी त्यांना लगेच क्षमा करतो. त्यात माझं काही जात नाही.

‘सच का सामना’ २०११ च्या अखेरीस दुसऱ्या वाहिनीवर परत आला आणि गेला. पण खुर्ची निरनिराळ्या रूपांत येतच राहिली. ‘बिग बॉस’मध्ये कबुलीची खोली आधीपासून होतीच. २०२२ च्या ‘लॉक अप’मध्ये तर बाहेर पडायची वेळ आली की आपलं एखादं गुपित सांगून वाचायचं, अशी सोय होती. १८७५ च्या माफीच्या बोलीपेक्षा हे काही फार वेगळं नाही. ब्रिटनमध्ये ‘जेरेमी काइल शो’त पॉलिग्राफनं खोटं ठरवलेला एक पाहुणा त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, आणि मे २०१९ मध्ये वर्षानुवर्षं चाललेला तो कार्यक्रम कायमचा थांबला. त्यावर हसण्यासारखं काहीच नाही, म्हणून इथं थांबतो.

नीतीचा प्रश्न विचाराल तर खुर्चीतल्या माणसाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आपलं गुपित आहे, विकायचं असेल तर विकावं. साधुवाणीसुद्धा शेवटी आपल्याच नावेबद्दल बोलला होता. पण गुपितं क्वचितच एकट्याच्या मालकीची असतात, बहुतेक सातबारा सामायिक असतो. आणि पडद्यावर आपण इतका वेळ जे बघत होतो ते सत्य नव्हतंच. ‘हो’ म्हटल्यावर समोरच्या सोफ्यावरच्या बाईच्या चेहऱ्याचं काय होतं, ते बघत होतो. त्या चेहऱ्याची किंमत कोटीतून कुणी वेगळी काढून दिल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा असा कार्यक्रम पुन्हा येईल, तो बघा. बंद करा म्हणायला मी काही आतोबा नाही, मीही बघेन. आणि उद्या तुम्हालाच बोलावणं आलं तर खुशाल जा. मात्र सोफ्यावर ज्यांना नेऊन बसवणार असाल, त्यांना ते एकवीस प्रश्न आधी घरी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून सांगा. त्यानंतरही ते तुमच्याबरोबर यायला तयार असतील, तर मग जायची गरजच उरणार नाही.